आधी कार्पेट की आधी बेसबोर्ड? घरात दोन तट पडलेत

कोलंबसची_सातारकर

मंडळी, बेसमेंटचं काम शेवटाला आलंय आणि एवढ्याशा गोष्टीवरून गाडी अडलीय.

१३ बाय २२ ची मोठी खोली, शेजारी १० बाय ११ ची पाहुण्यांची. दोन्हीकडे कार्पेट. जिन्याच्या पायथ्याशी आणि सिंकसमोर मात्र ८ मिलिमीटरचे विनाइल प्लँक (प्लास्टिकच्या फळ्या), ते नवरा स्वतः टाकणार आहे. ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) झालं, प्राइमर झाला. सव्वापाच इंची एमडीएफ (दाबलेल्या लाकडाच्या भुशाच्या) बेसबोर्डच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावायच्या स्कर्टिंगच्या, १६ फुटी पट्ट्या गराजमध्ये आडव्या पडल्यात, त्यामुळे गाडी बाहेर, आणि रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडण्याचं काम माझ्याकडे.

कार्पेटवाला पुढच्या गुरुवारी येतोय. फोनवर म्हणाला, "बेसबोर्ड आधी लावून ठेवा, जमिनीपासून थोडे उचलून." थोडे म्हणजे किती, हे विचारेपर्यंत त्यानं फोन ठेवला.

इकडे साताऱ्याहून बाबा आलेत. पीडब्ल्यूडीत ३२ वर्षं काढलेला माणूस. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन खाली उतरतात, भिंतीला ओळंबा लावल्यासारखं बघतात आणि म्हणतात, "फरशीच्या आधी स्कर्टिंग? फट राहील. झुरळं होतील." नवऱ्याचं म्हणणं, कार्पेटवाल्याचं ऐकू. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

तर आधी बेसबोर्ड की आधी कार्पेट? उचलायचे तर नक्की किती? आणि रंग कधी मारायचा?

वीकेंड_सुतार

आधी फ्लोअरिंग, मग बेसबोर्ड. यात विचारण्यासारखं काय आहे? मागच्या वर्षी आमच्याकडे लॅमिनेट टाकलं तेव्हा असंच केलं. बाबांचं ऐका.

कोलंबसची_सातारकर

अहो, लॅमिनेट नाही, कार्पेट! पण तुमचं उत्तर बाबांनी वाचलं, आणि आता ते निवडून आल्यासारखे घरभर फिरतायत.

एडिसनची_मावशी

अगं, बाबा चुकत नाहीयेत, ते फक्त फरशीबद्दल बोलतायत. फरशी, लाकूड, लॅमिनेट, विनाइल हा सगळा कडक माल. त्याची कड भिंतीला नेऊन भिडवता येत नाही. लाकूड-विनाइलला तर फुगायला निदान पाव इंच जागा सोडावीच लागते. ती उघडी कड झाकायला वरून बोर्ड येतो, म्हणून तिथे बोर्ड मागून.

कार्पेटची कड झाकत नाहीत, खोचतात. साडी खोचायला अंगावर आधी परकर लागतो की नाही? तसंच हे.

किती उचलायचं याचं उत्तर त्या खोचण्यातच आहे. भिंतीच्या कडेनं टॅक स्ट्रिप ठोकतात. इंचभर रुंदीची लाकडी पट्टी, वर खिळ्यांची टोकं आलेली, सगळी भिंतीकडे झुकलेली. (अनवाणी जाऊ नकोस. मी गेले होते.) ही पट्टी बोर्डाला चिकटवत नाहीत, मध्ये कार्पेटच्या जाडीपेक्षा किंचित कमी अशी चर ठेवतात. खालचं पॅड पट्टीच्या आतल्या बाजूलाच संपतं. मग कार्पेट ताणून त्या खिळ्यांत अडकवायचं, जादाचं कापायचं आणि उरलेली कड बोथट छिन्नीसारख्या हत्यारानं चरीत दाबायची. म्हणजे बोर्डाखाली जाते ती नुसती कार्पेटची कड, पॅड नाही. लोक पॅडचीही जाडी धरतात आणि बोर्ड इंचभर वर टांगतात. वर्षभरात पॅड दबलं की खाली काळी रेघ दिसायला लागते.

तीन अष्टमांश ते अर्धा इंच पुरे. बाबांना सांग, तीन ते चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). लगेच कळेल.

आता तुझ्याकडे विनाइलही आहे, तेव्हा क्रम असा ठेव: आधी विनाइल, मग सगळीकडे बोर्ड, मग रंग आणि सगळ्यात शेवटी कार्पेट. विनाइलच्या बाजूला बोर्ड प्लँकवर बसतील, म्हणजे आपोआप ८ मिलिमीटर वर. कार्पेटच्या बाजूला त्याच प्लँकचे उरलेले तुकडे बोर्डाखाली सरकव आणि खिळे मारून झाले की ओढून काढ. अडीच सूत होतं, साध्या कार्पेटला चालतं. दोन्हीकडची वरची रेघ एका पातळीत येते. हे नाही केलं तर जिथे विनाइल संपून कार्पेट सुरू होतं तिथे बोर्डाला पायरी पडते, आणि ती पायरी फक्त तुला दिसते, पण रोज दिसते. प्लँकवर बोर्ड दाबून मात्र ठोकू नकोस, मध्ये कागद सरकला पाहिजे. ती फरशी तरंगती असते, म्हणजे खाली चिकटवलेली नसते, तिला हलायला मोकळीक हवी.

आमची गोष्टही सांगते. आमच्या पहिल्या बेसमेंटला कंत्राटदारानं आधी कार्पेट अंथरलं आणि वरून बोर्ड दाबून खिळले. दिसायला एकदम चकाचक. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सीवर कोसळला आणि खाली तीन इंच पाणी. पहाटे आम्ही दोघं कार्पेट उचलायला गेलो तर ते हलेना. चारी बाजूंनी बोर्डाखाली खिळलेलं. पहारीनं एकेक बोर्ड उपटला, त्याच्याबरोबर ड्रायवॉलचा कागद हातभर सोलून आला. एमडीएफ चहात बुडवलेल्या पावासारखं फुगलं होतं, ते तसंही गेलंच असतं, तो दोष मी कुणाला देत नाही. पण कार्पेट वेळेवर बाहेर निघालं असतं तर भिंती तरी वाचल्या असत्या. आणि पाणी येवो न येवो, कार्पेट कधीतरी बदलायचंच असतं. बोर्ड आधी लावलेले असले की जुनं उपसायचं, नवं खोचायचं. भिंतीला हात लावावा लागत नाही.

कोलंबसची_सातारकर

मावशी, परकराचं उदाहरण आईला वाचून दाखवलं. ती बाबांना म्हणाली, "एवढ्या वर्षांत मला एकदा विचारलं असतंत तर?" बाबा गप्प आहेत, पण "तीन सूत" ऐकून जरा निवळले. पट्टी घेऊन खाली गेलेत.

रंगाचं सांगा ना.

पुण्याचा_इंटिरियरवाला

बाबांच्या बाजूनं दोन शब्द, कारण इकडे कुणी बोलत नाहीये. आमच्याकडे क्रम म्हणजे गिलावा, फरशी, मग त्याच फरशीच्या चार इंची पट्ट्या कापून स्कर्टिंग. घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट कोण घालतं? त्यामुळे त्यांना ते उलटं वाटणारच. हल्ली काही जण भिंतीत सपाट बसणारं स्कर्टिंग मागतात. ते गिलाव्याच्या आधी ठरवायचं असतं, पण ठरतं गिलावा वाळल्यावर. मग खरवडा, आणि ती धूळ माझ्या जेवणाच्या डब्यात.

पण ऑफिसात आम्ही ५० बाय ५० सेंटिमीटरच्या कार्पेट टाइल चिकटवतो, तिथे मीसुद्धा स्कर्टिंग आधीच मारून घेतो आणि टाइल त्याला कापून भिडवतो. तेव्हा कार्पेट म्हटलं की स्कर्टिंग आधी, हे बाबांना पुण्याहून सांगितलंय म्हणावं. सातारकर पुण्याचं ऐकतील याची खात्री देत नाही.

रंग: बोर्डाचे दोन्ही हात कार्पेटच्या आधी मारा. खिळ्यांची भोकं भरा, वरची फट पेंट चढेल अशा कॉकनं (फटी भरायच्या मऊ लुकणानं) बुजवा, घासा, मग रंग. आणि कार्पेटवाला यायच्या आधी चार दिवस तरी सुकू द्या, नाहीतर कार्पेटच्या पाठीची कड ओल्या रंगावर घासली की सगळं ओरबाडून निघतं. कितीही जपलं तरी दोन-चार ओरखडे येतातच, डब्यात थोडा रंग राखून ठेवा. कार्पेट घातल्यावर बोर्ड रंगवणं म्हणजे काय ते एकदा करून बघितलंय. पांढरा थेंब तपकिरी कार्पेटवर पडला की तो पुसताना मोठा होतो.

मिनेसोटा_१५_वर्षं

मी वरच्या मजल्यावर तिन्ही बेडरूममध्ये बोर्ड सरळ जमिनीला टेकवून लावले, उचलण्याच्या भानगडीत पडलोच नाही. कार्पेट छान बसलं. आठ वर्षं झाली. उगाच बाऊ करताय.

एडिसनची_मावशी

वर प्लायवूडची जमीन आहे, तिथे चालतं. कड चरीत जातेच, फक्त बोर्डाचा खालचा अर्धा-पाऊण इंच कार्पेटमध्ये बुडून दिसेनासा होतो. खाली काँक्रीट आहे. काँक्रीट जमिनीतली ओल वर ओढतं आणि टेकलेलं एमडीएफ ती पितं. आमचे ड्रायवॉलवालेसुद्धा भिंतीचे तक्ते जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवतात, ते काय उगाच?

सातारकर, त्यावरून आठवलं. प्लॅस्टिकचा दीड फुटी चौकोन कापून काँक्रीटवर चारी बाजूंनी टेपनं चिकटव आणि सोळा तास तरी हात लावू नकोस. उचलल्यावर आत दव किंवा खाली काळपट डाग दिसला तर कार्पेटचा गुरुवार पुढे ढकल, आधी ओलीचं बघ.

आणि खोली १३ फूट म्हणतेस. कार्पेटचे बहुतेक रोल १२ फुटी येतात. जोड कुठे येणार ते आजच विचार. दारात किंवा टीव्हीसमोर येऊ देऊ नकोस, लव दोन्ही तुकड्यांची एकाच दिशेला ठेवायला सांग.

कोलंबसची_सातारकर

उशिरा लिहितेय, पण सगळं पार पडलं.

प्लॅस्टिक कोरडं निघालं. विनाइल झालं, मग शनिवार-रविवार बोर्ड. प्लँकचे तुकडे खाली सरकवायचं काम बाबांनी घेतलं होतं. दर दोन फुटांवर एक तुकडा, आणि प्रत्येक वेळी "अडीच सूत" असं मोठ्यानं म्हणून. आतल्या कोपऱ्यांत पट्ट्या एकमेकींना ४५ अंशांत कापून लावल्या तर फट पडत होती, तेव्हा बाबांनीच एक पट्टी सरळ भिंतीला भिडवली आणि दुसरीचं टोक तिच्या नक्षीच्या आकारानं कोरून घेतलं. नवरा व्हिडिओ शोधत होता तोवर यांचा एक कोपरा झाला होता.

गुरुवारी कार्पेटवाला आला. आल्या आल्या गुडघ्यावर बसून बोर्डाखाली बोट घातलं, सगळ्या भिंतीनं फिरवलं आणि फक्त "गुड" म्हणाला. बाबांनी ते "गुड" स्वतःकडे घेतलं. मोठ्या खोलीतला जोड मागच्या भिंतीकडे, सोफ्याच्या खाली गेलाय, शोधावा लागतो. कार्पेट ताणायला गुडघ्यानं ढकलायचं हत्यार बोर्डाला दोन ठिकाणी लागलं, तिथे राखलेला रंग फिरवला.

एक गोष्ट आम्ही कुणीच धरली नव्हती. पाहुण्यांच्या खोलीचं दार. पॅड आणि कार्पेट मिळून जवळजवळ इंचभर जाडी झाली आणि दार उघडताना लव खरवडत जातंय. खालून चार सूत कमी करायचंय. दार आता बिजागऱ्यांतून काढून गराजमध्ये सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलंय, कापायच्या रेघेवर टेप लावलीय म्हणजे चिरफळ्या उडणार नाहीत, आणि बाबा करवतीचं पातं बदलून मागतायत कारण हे "दातपडकं" आहे.

गाडी अजून बाहेरच.