टीव्ही घ्यायचाय, घरात चार माणसं आणि पाच मतं. जाणकारांनी मदत करा

हिशेबनीस

मंडळी, नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते. आज गरज पडली म्हणून तोंड उघडतेय.

आमचा २०१३ चा ३२ इंची टीव्ही गेल्या आठवड्यापासून डावीकडून काळवंडलाय. बातम्या देणाऱ्या बाईंचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा ग्रहणात. दुरुस्तीवाला म्हणाला, "बॅकलाइटची पट्टी गेलीय, मिळाली तर टाकून देतो." ते 'मिळाली तर' ऐकलं आणि नवा घ्यायचं ठरलं.

आता घरची परिस्थिती. सासूबाई सकाळी सातला बातम्या लावतात त्या रात्री निजेपर्यंत, आणि वाहिनी एकच. कान मंदावलेत. श्रवणयंत्र आहे, पण ते डबीत असतं, कारण "शिट्टी मारतं मेलं". त्यामुळे टीव्हीचा आवाज ४० वर, आणि शेजारच्या खोलीत मी लोकांचे ताळेबंद जुळवतेय. मुलाला गेम खेळायला १२० हर्ट्झच हवंय. भाऊजी म्हणतात ओएलईडीशिवाय दुसऱ्याकडे बघूसुद्धा नका. आणि अहो दुकानात जाऊन एका टीव्हीसमोर पाऊण तास उभे राहून आले. त्यात म्हणे पोपटाची पिसं मोजता येत होती. आपल्याकडे पोपट कोण बघणार आहे, असं विचारल्यावर गप्प.

मी सवयीने तक्ता केलाय. सात मॉडेलं, तेवीस रकाने. भरताना कळलं की निम्मे रकाने मला समजतच नाहीत. एकावर 'मोशन रेट २४०' लिहिलंय, दुसऱ्यावर 'नेटिव्ह ६०'. जास्त आकड्याला जास्त गुण देऊन बेरीज केली, तर ज्याला लोकांनी सगळ्यात जास्त शिव्या घातल्यात तोच टीव्ही पहिला आला.

५५ इंच फार मोठा होईल का? ओएलईडी घ्यावा का? आणि आवाजाचं काय करू? मॉडेलची नावं मुद्दाम देत नाहीये, नाहीतर कंपन्यांवरून जुंपेल आणि माझा टीव्ही राहील बाजूला.

सोफासम्राट

५५ घ्या. मोठा घेऊन पस्तावलेला माणूस मला अजून भेटायचाय. लहान घेऊन पस्तावलेला रोज आरशात भेटतो.

जुनाखोडकर

ताई, तक्ता छान असणार, पण तूर्त मिटून ठेवा. आधी खोलीची मापं द्या. कोण कुठे बसतं, भिंतीपासून किती लांब, खिडकी कुठल्या बाजूला, टीव्हीखालचं टेबल किती रुंद. हे कळल्याशिवाय मॉडेल सुचवणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल सुचवण्यासारखं आहे.

मोशन रेटचा रकाना मात्र आत्ताच खोडा. पॅनेल सेकंदाला खरोखर जितक्या वेळा चित्र बदलू शकतं तो नेटिव्ह आकडा, म्हणजेच चिरंजीवांचं ते हर्ट्झ: ६० किंवा १२०, हल्ली काहींत १४४. बाकीचे २४०-४८० ज्या त्या कंपनीने आपापल्या हिशेबाने फुगवलेले असतात, त्यांना सर्वमान्य माप नाही. तुम्ही हिशेबातल्या आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं.

हिशेबनीस

मोजलं. टेपचं दुसरं टोक सासूबाईंनी धरलं होतं, आणि "माझी खुर्ची हलणार नाही" हे त्यांनी मोजायच्या आधीच सांगून टाकलं.

सोफा टीव्हीच्या समोर, २६० सेंमीवर. सासूबाईंची खुर्ची टीव्हीच्या भिंतीपासून १६० सेंमी, पण टीव्हीच्या मध्यापासून डावीकडे १७० सेंमी (तिथून त्यांना दरवाजाही दिसतो, म्हणून). खिडकी टीव्हीच्या बरोबर समोर. टेबल १०५ सेंमी.

जुनाखोडकर

आता बोलता येईल.

आकार: फोर केसाठी (हल्लीचा बारीक बिंदूंचा पडदा) ढोबळ नियम असा की पडद्याच्या कर्णाच्या सव्वा ते दीडपट अंतर ठेवावं, थोडं जास्त झालं तरी चालतं. ५५ इंच म्हणजे १४० सेंमी, म्हणजे पावणेदोन ते २.१ मीटर. तुमचा सोफा त्याहूनही मागे आहे, तेव्हा ५५ मोठा होणार नाही. खात्री हवी तर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून १२२ बाय ६९ सेंमीचा तुकडा करा आणि दोन दिवस भिंतीवर लावून ठेवा. पहिल्या दिवशी राक्षसी वाटेल, दुसऱ्या दिवशी विसराल.

टेबल: इथे लोक हमखास फसतात. हल्ली बऱ्याच टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात. पडदा टेबलाबाहेर आला तर चालतं, पाय बाहेर आले तर काय करणार? दोन पायांमधलं अंतर मापांच्या पानावर दिलेलं असतं, तो चोविसावा रकाना करा.

आणि आता ती खुर्ची. तुमच्या मापावरून सासूबाई जवळजवळ ४७ अंशांच्या कोनातून बघतात. एलसीडी पॅनेल (ज्याला मागून किंवा कडेने दिव्यांचा उजेड लागतो) मुख्यतः दोन जातींचं येतं. व्हीएमध्ये समोरून काळा रंग छान दाट दिसतो, पण बाजूला गेलात की चित्र धुतल्यासारखं फिकं पडतं. आयपीएस बाजूनेही बरंच टिकतं, पण अंधाऱ्या खोलीत त्यातला काळा करडा वाटतो. तुमच्याकडे दिवसाउजेडी बातम्या चालतात, करड्याशी तुम्हाला काय करायचंय? काही महागड्या व्हीएंमध्ये कोन सुधारायला वेगळा थर देतात, तेही चालतील.

ओएलईडी बाजूनेही उत्तम दिसतो, भाऊजींचं चूक नाही. पण त्यात प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो. दिवसाचे बारा-चौदा तास तोच लोगो आणि तीच खालची पट्टी एकाच जागी राहिली, की तिथले बिंदू इतरांच्या आधी थकतात आणि ठसा उमटतो. नव्या टीव्हींत चित्र किंचित सरकवत राहण्याची सोय असते, त्याने ठसा लांबणीवर पडतो. तरी एकच वृत्तवाहिनी दिवसभर हा ओएलईडीचा सगळ्यात वाईट वापर. सासूबाईंना वाहिनी बदलायला सांगायची हिंमत असेल तर घ्या.

अवांतर: तुमचा जुना एका बाजूनेच काळवंडला, म्हणजे त्यात बहुतेक कडेने दिवे लावलेले असणार. आरटिंग्ज ही परीक्षणं करणारी मंडळी २०२२ च्या शेवटी १०० टीव्ही दीर्घकाळ चालवून बघायला बसली, त्यात या कडेच्या दिव्यांची दुखणी ठळक दिसली. तुमच्यासारखा वापर असेल तर पॅनेलच्या पूर्ण पाठीमागे दिवे असलेला घ्या.

बटणबहाद्दर

चिरंजीवांच्या वतीने दोन शब्द. फोर के १२० हर्ट्झवर खेळायचं तर एचडीएमआय (टीव्हीला कन्सोल, म्हणजे गेमचं यंत्र, जोडायची वायर-पोर्ट) २.१ लागतं (४८ जीबीपीएसपर्यंत, म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिट). २.० ची धाव १८ पर्यंतच, त्यावर फोर के ६० वर थांबतं. गोम अशी की कित्येक टीव्हींना चार पोर्ट असले तरी पूर्ण ताकदीचे दोनच असतात, आणि साउंडबारकडे (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरकडे) आवाज नेणारा ईएआरसी नेमका त्याच दोहोंपैकी एकावर. बार लावला की कन्सोलला उरला एक. तुमच्याकडे कन्सोल एकच आहे ना? मग निभेल.

खेळताना गेम मोड चालू करायला सांगा, नाहीतर बटण दाबल्यावर गडी उशिरा उडी मारतो आणि खापर टीव्हीवर फुटतं.

कानोसा

ताई, तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग सगळे विसरले. माझ्या बाबांच्या पायी मी यातून गेलेय.

टीव्ही जितका पातळ तितका स्पीकरला जागा कमी, आणि बहुतेकांत तो खाली तोंड करून बसलेला. आवाज टेबलावर आपटून तुमच्याकडे येतो. संगीत ऐकू येतं, शब्द गिळले जातात. मग आपण आवाज वाढवतो, आणि संगीत आणखी मोठं होतं. त्यावर उपाय म्हणजे मधला स्वतंत्र चॅनेल असलेला साउंडबार, खोक्यावर ३.१ लिहिलेलं असतं. चित्रपट-मालिकांतले संवाद मुख्यतः त्या मधल्यातून येतात, तेवढेच वाढवता येतात.

दुसरा मार्ग ब्लूटूथ हेडफोनचा. पण घेण्यापूर्वी विचारा की हेडफोन आणि टीव्हीचा स्पीकर एकाच वेळी चालतात का. आमच्या टीव्हीत चालत नाहीत, बाबा ऐकायला लागले की आम्ही मूकपट बघतो.

पण सगळ्यात आधी ती शिट्टी. यंत्रातून बाहेर पडलेला आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरला की ते शिट्टी मारतं. कारण बऱ्याचदा साधं असतं: कानात मळ, किंवा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झालेला. बाबांचं यंत्र दोन वर्षं कपाटात होतं, आणि दुखणं निघालं मळाचं. टीव्ही घ्यायच्या आधी सासूबाईंना कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा.

सोफासम्राट

कानोसाताईंना +१. मी तर नुसतं '५५ घ्या' म्हणून मोकळा झालो होतो.

हिशेबनीस

तीन आठवड्यांनी हजर. आधी कान, मग टीव्ही, या क्रमाने गेलो.

कानात मळ होताच, शिवाय साचाही सैल होता; नवा करून घेतला. पहिले दोन दिवस "तू ताटं केवढ्याने आपटतेस" हे ऐकून घेतलं.

मग दुकान. मी सेल्समनकडून रिमोट मागून घेतला आणि पोपटवाल्या टीव्हीचा भडक 'व्हिव्हिड' मोड काढून साधा लावला. मग अहोंना हाताला धरून चार पावलं डावीकडे नेलं, सासूबाईंच्या खुर्चीच्या कोनात. पोपट धुवून वाळत घातल्यासारखा दिसायला लागला. अहो काही बोलले नाहीत, पण पुढच्या प्रत्येक टीव्हीला स्वतःच डावीकडून बघायला लागले. खिडकी समोर असल्याने दोन-तीन टीव्ही बंद करूनही बघितले. एकात मी, सेल्समन आणि मागचा पंखा असे तिघेही स्वच्छ दिसत होतो. तो बाद.

शेवटी ५५ इंची आयपीएस, मागून दिवे, नेटिव्ह १२०, पायांतलं अंतर ९६ सेंमी. साउंडबार घेतला नाही. सध्या गरज वाटत नाही, आवाज १६ वर असतो.

घरी आल्यावर एकच घोटाळा झाला. चित्रपटसुद्धा घरगुती मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागला. मुलाने सांगितलं, चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि टीव्ही मध्ये स्वतःच्या मनाच्या चौकटी घुसवतो. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं.

काल संध्याकाळी बातम्या चालू असताना सासूबाईंनी मला बाहेर बोलावलं. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काय गं, हा माणूस पहिल्यापासूनच एवढा ओरडतो?"