३५ दिवसांचं लॅब्रॅडॉर पिल्लू, आजच टोकन देऊ का?

प्रश्न: विक्रेता म्हणतो, पहिली लस झालीय, आजच न्या. आम्ही दोघंही नऊ तास बाहेर असतो. घ्यावं का?

उत्तर १: नका घेऊ. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनुसार ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आई-भावंडांत शिकतं. लवकर उचललं की पुढे हातापायांना कचाकचा चावतं. ब्रीडरचा राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचा नोंदणी क्रमांक मागा, आईही बघा. 'आई गावाला असते' असं उत्तर मिळालं तर सरळ घरी या.

उत्तर २: लसीचं कार्ड तपासा: बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख, डॉक्टरांची सही. नुसती बरोबरची खूण म्हणजे काहीच नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) लस निष्प्रभ करू शकतात, म्हणून ६-८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी डोस, शेवटचा १६ आठवड्यांनंतर. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांना. उलट्या, रक्ताचे जुलाब दिसले तर पार्वो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो विषाणू फिनाईलला दाद देत नाही. लादीला १ भाग द्रव ब्लीच, ३० भाग पाणी लावून १० मिनिटं राहू द्या.

प्रश्नकर्ता: आणि नऊ तासांचं काय?

उत्तर ३: खरी अडचण तीच. दोन महिन्यांचं पिल्लू लघवी दोन-तीन तासच धरतं, खाणं दिवसातून चारदा. दुपारी माणूस ठेवणार नसाल तर दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं कुत्रं दत्तक घ्या. तेही सलग नऊ तास एकटं नको.