मदत हवी आहे : गावच्या पडक्या घराच्या जागी पुन्हा घर बांधायचंय, आधी कोणत्या कार्यालयात जाऊ?

7 ऑक्टोबर 2023

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच सांगते.

आमचं मूळ घर उत्तर रत्नागिरीत, खाडीकाठच्या एका वाडीत. मातीच्या भिंती, दर्शनी बाजूला तेवढे चिरे, वर कौलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात कौलं आणि वासे गेले, पुढच्या दोन पावसाळ्यांत मधली भिंत बसली. आता ओटीची एक भिंत आणि जोतं एवढंच उभं आहे. आई 71 वर्षांची. बाबा गेल्यापासून ती डोंबिवलीत आमच्याकडे राहते, पण वाडीतून कुणाचाही फोन आला की आधी विचारते, "आपल्या फणसाला धरलं का?" तिला परत जायचंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओटी आणि घरातच संडास-न्हाणी, एवढंच बांधायचं आहे. जुनं जोतं साधारण साडेपाचशे चौरस फुटांचं आहे, नवं घर सातशेपर्यंत जावं असं भावाचं म्हणणं.

अडचण पैशांची नाही. कुणाला विचारायचं तेच कळत नाही.

सातबारा सामाईक आहे, त्यावर नऊ नावं. त्यातले दोघे वारलेत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. बाबांचं नावही अजून तसंच आहे. घरपट्टी आजोबांच्या नावावर येते, ती आई दरवर्षी न चुकता भरते. खाडी घरापासून किती लांब म्हणाल, तर ओटीवरून भरतीचं पाणी दिसतं. मी पावलांनी मोजलं तर दीडशे-एकशे साठ पावलं भरली.

गणपतीला चार दिवस जास्तीची रजा काढून तालुक्याला गेले. पहिल्या कार्यालयात म्हणाले, हे आमच्याकडे नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणाले, आधी पहिल्या कार्यालयाचं पत्र आणा. तिसरीकडे साहेब मीटिंगला गेले होते, दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मुंबईची गाडी धरली. वाडीत प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो, कुणी म्हणतं आधी एनए (अकृषिक वापराची परवानगी) करा, कुणी म्हणतं सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आहे, नादच सोडा. गवंडी म्हणतो, "ताई, दिवाळीनंतर भिंत पाडून जोतं घालूया, कागद मागाहून होतात."

मला कागद मागाहून नको आहेत. आईला तिच्या घरात कुणी नोटीस आणून देता कामा नये. कार्यालयांचा क्रम कुणी सांगेल का? आणि कुठे नेमकं काय मागायचं?

—

प्रतिसाद, चिरेबंदी :

ताई, बाकी सगळं नंतर, आधी गवंड्याला फोन करा आणि भिंत पाडू नका म्हणून सांगा. आजच.

मी कोकणात घरांचे नकाशे करतो, म्हणून कळकळीने लिहितोय. किनाऱ्यालगत जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी आणि मोकळ्या जागेवर नवं बांधकाम, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ना-विकास क्षेत्रातसुद्धा, म्हणजे जिथे नवं बांधकाम चालत नाही त्या पट्ट्यातही, जुन्या घराची पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र पूर्वीइतकंच ठेवावं लागतं. तिथे घर होतं याचा पुरावा म्हणजे ती भिंत आणि ते जोतं. ते गेलं की तुम्ही मोकळ्या जमिनीच्या मालक. भावाला सांगा, सातशेचा हट्ट आत्ता बाजूला ठेवा. जुन्या जोत्यावर बसेल असंच घर आखा.

चारी बाजूंनी फोटो काढा, टेप लावून मापं घ्या. आणि निसर्गच्या वेळी नुकसानीचे पंचनामे झाले होते ते आठवतात का? तुमच्या घराचा झाला असेल तर त्याची नक्कल मिळवा. 2020 च्या जूनमध्ये त्या जागी घर होतं असं सरकारी माणसांनी स्वतः लिहून ठेवलेला कागद आहे तो. विजेची जुनी बिलं, घरपट्टीच्या पावत्या, सगळं एका फायलीत लावा.

—

प्रतिसाद, वाडीवरची :

आम्ही मागच्या वर्षी बांधलं, तेव्हा ग्रामपंचायतीपासूनच सुरुवात केली होती. ग्रामसेवकांना भेटा, ते सांगतील. आमचं सहा महिन्यांत झालं.

—

प्रतिसाद, जुना दप्तरी :

वाडीवरची ताईंचं घर गावठाणात (गावाच्या मूळ वस्तीच्या हद्दीत) असेल, म्हणून त्यांना तो रस्ता सरळ गेला. गावठाणाच्या हद्दीत बांधकाम परवानगी ग्रामपंचायतीची, 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे. धागाकर्त्या ताईंचं घर सातबाऱ्याच्या जमिनीत आहे. आपल्याकडे कित्येक वाड्या गावठाणाबाहेरच वसलेल्या आहेत. तिथे नियोजनाची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात येते आणि हे काम बहुतेक प्रांत किंवा तहसील कार्यालयातून चालतं.

महसुलात 31 वर्षं काढली, तेव्हा एक सांगतो, राग मानू नका. तुम्हाला चार दिवस फिरवलं ते चूकच, पण तुम्ही प्रत्येक ठिकाणी "घर बांधायचंय, काय लागेल?" असं विचारलं असणार. या प्रश्नाचं पूर्ण उत्तर एकाही टेबलावर नसतं. तलाठ्याला नावं माहीत, मोजणीवाल्यांना हद्द, नगररचनेला झोन. प्रत्येकाला फक्त त्याचा प्रश्न विचारा, आणि तो भूमापन क्रमांक व हिस्सा क्रमांक लिहून विचारा. "खाडीकाठचं आमचं घर" म्हटलं तर कुणाच्याच रजिस्टरात सापडत नाही.

सुरुवात घरी बसूनच होते. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो, 8अ (खात्याचा उतारा) सुद्धा निघतो. सातबारा हातात आला की तीन गोष्टी बघा. पहिली, भोगवटादार वर्ग 1 की 2. वर्ग 2 असेल तर अटी असतात आणि वरची परवानगी लागते. दुसरी, इतर अधिकारांचा रकाना. त्यात कुळाचं नाव, बोजा किंवा एखादी जुनी शर्त दिसली तर थांबून तिचा फेरफार (हक्कबदलाची नोंद) काढा. कोकणात माणसं हा रकाना वाचतच नाहीत आणि पुढे तोच आडवा येतो. तिसरी, आणेवारी, म्हणजे सामाईकात तुमचा वाटा किती.

मग तलाठ्यांकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, प्रतिज्ञापत्र. तलाठी फेरफार धरतात, नोटीस निघते, 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. बाबांचीच नव्हे, इतर दोघांच्या वारसांचीही नोंद एकत्र होऊ द्या. मेलेल्या माणसाची संमती कुणाला आणता येत नाही.

आणि घरपट्टीबद्दल. आई दरवर्षी भरतात हे फार चांगलं, घर होतं हे त्यावरून दिसतं. पण नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. मालकी सातबाऱ्यावरच बघतात.

—

प्रतिसाद, धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. गवंड्याला रात्रीच फोन केला. तो थोडा नाराज झाला, पण भिंत राहते आहे. सातबारा काढला. वर्ग 1 आहे आणि इतर अधिकारात कूळ नाही. एक 1962 चा फेरफार आहे, तो वाचता येत नाही.

दप्तरी काका, वारस नोंद झाल्यावर लगेच परवानगीचा अर्ज करायचा का? की वाटप व्हायला हवं? नऊ जणांतले एक चुलत काका गेली पंधरा वर्षं कुणाशी बोलत नाहीत.

—

प्रतिसाद, जुना दप्तरी :

1962 च्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. मोडी असेल तर वाचून देणारे मिळतात.

वाटप सगळ्यांच्या संमतीने होणार असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. एकाची जरी हरकत असली तरी ते काम दिवाणी न्यायालयाच्या दारात जाऊ शकतं आणि आईंच्या वयाला ते परवडणारं नाही. म्हणून चुलत काकांना कागदासाठी भेटू नका. आधी आईंना घेऊन नुसते भेटून या. घर तिथेच होतं, तिथेच होणार आहे, कुणाच्या वाट्याला हात लागत नाही, हे त्यांना आईंच्या तोंडून ऐकू द्या. मी अशा कितीतरी सह्या झालेल्या पाहिल्यात, आणि वकिलाची नोटीस आधी गेल्यामुळे कायमच्या अडलेल्याही पाहिल्यात.

—

प्रतिसाद, चिरेबंदी :

दप्तरी काकांच्या पुढचा भाग मी सांगतो.

नावं लागली की मोजणी. तालुक्याचं उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालय, आपण मोजणी ऑफिस म्हणतो ते. अर्ज ऑनलाइन भरता येतो, ताज्या सातबाऱ्यासह. हद्दकायम मोजणी मागा. घाई तशी फी. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, ठरल्या दिवशी भूकरमापक येतात आणि नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. त्या नकाशात पडकं घर आणि जोतं दाखवायला आवर्जून सांगा. तुमची दीडशे पावलं इथे संपतात.

कारण सीआरझेडमध्ये अंतर पाण्यापासून धरत नाहीत, उच्चतम भरती रेषेपासून धरतात. ती रेषा मंजूर किनारा नकाशावर असते आणि त्यावर तुमचा भूमापन क्रमांक नेमका कुठे बसतो, हे अधिकृत संस्थेकडून काढून घ्यावं लागतं. 1:4000 प्रमाणाचा नकाशा असतो. शिवाय उघडा समुद्र आणि खाडी यांना अंतराचा नियम एकच नाही. खाडीला कमी अंतर धरतात आणि खाडीची रुंदीही त्यात बघतात. अधिसूचनाही दोन आहेत, 2011 ची आणि 18 जानेवारी 2019 ची. तुमच्या गावाला सध्या कोणता मंजूर नकाशा लावतात, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा. "सीआरझेड आहे, नाद सोडा" म्हणणाऱ्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. 2019 च्या अधिसूचनेत जिथे बांधकामाला मुभा आहे तिथे 300 चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराचा निर्णय स्थानिक पातळीवर व्हावा अशी तरतूद आहे. तुमचं घर त्याच्या पाव हिश्शाइतकंही नाही.

त्यासोबतच झोन दाखला, म्हणजे प्रादेशिक योजनेत ही जमीन कोणत्या विभागात येते. तो जिल्ह्याच्या नगररचना शाखेतून, रत्नागिरीला. अकृषिक वापराचं कोणत्या कलमाखाली बसतं हे या दाखल्यावरून कळतं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असाल तर 2023 च्या नियमाप्रमाणे राहत्या घरासाठी जमीन महसूल संहितेचं कलम 42ड बघा, वेगळी एनए परवानगी लागत नाही, रूपांतरण कर वगैरे भरून सनद मिळते. म्हणून मोजणीच्या वेळी गावठाणाची हद्दही विचारून ठेवा.

आणि मग शेवटी परवानगीचा अर्ज, परवानाधारक अभियंत्याच्या नकाशासह. डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, त्यात लहान भूखंडांची प्रक्रिया सोपी केलेली आहे. पण ती सोय मालकी आणि जमीन वापर स्वच्छ असल्यावरची.

वाडीवरची ताईंचंही चूक नाही. ग्रामपंचायतीत दोनदा जायचं. आत्ता पहिल्यांदा नमुना 8 चा उतारा आणि पडक्या घराची नोंद पक्की करायला, आणि परवानगीच्या वेळी पुन्हा.

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात फक्त एवढंच विचारा की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली.

फणस कुठे आहे? बांधकामात येतोय का?

—

प्रतिसाद, धागाकर्ती :

मागच्या पडवीला लागूनच. भावाच्या सातशे फुटांत तो जातो.

—

प्रतिसाद, चिरेबंदी :

मग आणखी एक कार्यालय वाढतं. स्वतःच्या जमिनीतला असला तरी फणस तोडायला परवानगी लागते. 1964 च्या झाडतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, खारफुटी ही सगळी आहेत. वनविभागाकडे अर्ज, पाहणी, मग आदेश.

—

प्रतिसाद, धागाकर्ती :

26 नोव्हेंबर 2023

मंडळी, दिवाळीत आईला घेऊन गावी जाऊन आले, म्हणून धागा वर काढते.

ग्रामसेवकांनी नमुना 8 चा उतारा दिला. 2020 च्या पंचनाम्याची नक्कलही मिळाली. त्यात "राहते घर, छप्पर पूर्णतः नष्ट" असं लिहिलं आहे, खाली सह्या आहेत. तो कागद बघून आई बराच वेळ काही बोलली नाही. वारस नोंदीचा अर्ज दिला, या वेळी शिक्क्यासह. गेल्या खेपेला जिथून हात हलवत परतले, तिथे भूमापन क्रमांक लिहिलेला अर्ज पुढे केला तर दहा मिनिटांत रजिस्टर निघालं.

चुलत काकांकडे आई एकटीच गेली, मी बाहेर अंगणात थांबले. दोन तास बसली. येताना काकूंनी सोललेल्या सुपाऱ्या दिल्या. सहीचं आईने काढलंच नाही, पण निघताना काकांनीच विचारलं, "मोजणी कधी आहे? मी येईन उभा राहायला."

भाऊ जुन्या जोत्यावर तयार झाला आहे. फणस राहतोय.

आता पुढचा प्रश्न. नऊपैकी एक आत्या कॅनडात असते. तिचं संमतीपत्र तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयातून साक्षांकित करून आणावं लागेल, की ती इथे कुणाला कुलमुखत्यारपत्र देऊ शकते? आणि ते इथे आल्यावर मुद्रांक कुठे आणि किती दिवसांत लावून घ्यायचा? कुणी अलीकडे केलं असेल तर कृपया सांगा, मोजणीचा अर्ज जानेवारीत भरायचा आहे.