नाकाच्या अॅलर्जीवर तीन वर्षं इंजेक्शनं: कुणी घेतली आहेत का? (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

आम्ही येळ्ळूरचे. लेक यंदा दहावीला. सकाळी उठली की ओळीनं पंधरा-वीस शिंका, नाक गळतं, डोळे चोळून लाल. सेट्रिझिनच्या (अॅलर्जीच्या) गोळीनं थांबतं, पण वर्गात पेंग येते. नाकातला स्प्रे चालू आहे, तरी पावसानंतर बांधावर काँग्रेस गवत फुललं की तोही पुरत नाही.

गेल्या महिन्यात बेळगावात टेस्ट केली. त्याआधी आठवडाभर सेट्रिझिन बंद. तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. हातावर पेनानं आकडे, प्रत्येकापाशी एक थेंब, त्यावर सुईचं टोक. वीस मिनिटांत दोन ठिकाणी डास चावल्यासारख्या गांधी उठल्या. एक धुळीतल्या माइटची (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), दुसरी काँग्रेसची. (काँग्रेसनं गांधी उठल्या, हा विनोद घरात करून झालाय, तुम्ही नका करू.)

डॉक्टर इम्युनोथेरपी म्हणतात. ज्याची अॅलर्जी तेच अगदी थोडं थोडं वाढवत टोचायचं. सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला, मग महिन्याला एक, असं तीन ते पाच वर्षं. दर वेळी टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं, क्वचित जोराची रिअॅक्शन येते म्हणून. गावातल्या दवाखान्यात टोचून घेऊ का विचारलं, तर स्पष्ट नको म्हणाले. म्हणजे बसनं जाऊन येऊन आठवड्याचा अर्धा दिवस गेला, तोही दहावीत! दुसरा मार्ग जिभेखाली ठेवायच्या थेंबांचा. पहिला डोस त्यांच्यासमोर, मग रोज घरी. आई म्हणते, "सर्दीला कोण तीन वर्षं सुया टोचून घेतंय गं?"

आता सुरू करू की परीक्षेनंतर? थेंब कुणी नेटानं पूर्ण केलेत का? आणि बंद केल्यावर परत उलटतं का?

हो, रात्री कधीकधी तिच्या छातीत शिट्टी वाजते. ते सांगायचं राहिलं.

निपाणीहून: ताई, शेवटचं वाक्य सगळ्यात आधी सांगायचं की हो! छातीत शिट्टी म्हणजे दमा असू शकतो, आणि दमा आटोक्यात नसेल तर इंजेक्शन सुरूच करत नाहीत. मी माइटसाठी तीन वर्षं घेतली. शिंका पूर्ण गेल्या नाहीत, पण गोळी आता महिन्यातून एखादीच लागते. मध्ये पावसात काही खेपा चुकल्या, तर डोस खाली आणून परत चढवला. त्यामुळं परीक्षेच्या तोंडावर सुरू करून मध्येच तोडू नका.

मी: बुधवारी परत जातोय. शिट्टीचं फाईलवर लिहून ठेवलंय.