पक्ष फुटले, आपण नाचलो. राग नक्की कुठे गेला?

खडूफळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात साचलंय ते आज लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या.

मी दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. मागच्या आठवड्यात 'राजकीय पक्ष' हा धडा घेताना मुलांना विचारलं की २०२२ ला राज्यात काय झालं होतं कुणाला आठवतं का. अर्धा वर्ग एकदम ओरडला, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!" पुढचं कुणालाच सांगता येईना. आमदार आधी सुरतला मग गुवाहाटीला का गेले, सरकार कसं पडलं, पक्षाचं नाव आणि चिन्ह कुणाला मिळालं आणि ते कुणी ठरवलं, काहीच नाही. मुलांना दोष देत नाही, ती तेव्हा लहान होती. पण त्यांच्या घरच्यांनाही एवढंच आठवतं हो. गुवाहाटीहून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर हे बोलले, तो फोन बाहेर आला आणि लगेच त्याची गाणी झाली, डीजेवर वाजली, वरातीत लोक नाचले. त्या आमदारांच्या बोलीबद्दल मला काही म्हणायचं नाही, बोली गोडच आहे. माझं दुखणं हे आहे की आपण रांगेत उभं राहून दिलेलं मत कुणीतरी उचलून दुसरीकडे नेलं आणि त्याच आठवड्यात आपण त्यावर ठेका धरला.

आणि हे एकट्या २०२२ चं नाही. २०१९ ला लोकांनी युतीला बहुमत दिलं, मग तो पहाटेचा शपथविधी, मग आघाडीचं सरकार, मग शिवसेना फुटली, मग जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. एकाच विधानसभेत तीन मुख्यमंत्री. दरवेळी मीम्स, दरवेळी रील्स. 'पन्नास खोके' ही घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिली गेली, पुढे तिचं रॅप झालं, आणि एप्रिल २०२३ मध्ये असं रॅप करणाऱ्या संभाजीनगरच्या एका पोरावर गुन्हा दाखल झाला. त्या पोराला तरी राग आलेला. बाकीच्यांचं काय?

मी २०११ ला कॉलेजात होतो. अण्णा हजारे लोकपालसाठी (भ्रष्टाचाराची चौकशी करणारी यंत्रणा) रामलीला मैदानात उपोषणाला बसले तेव्हा आम्ही तालुक्याला मोर्चे काढले, गळे बसले घोषणा देऊन. लोकपालचा कायदा २०१३ च्या डिसेंबरात संसदेत मंजूर झाला आणि पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडलं. तेव्हा वाटायचं की लोक एकदा चिडले की देश बदलतो. आता वाटतं लोकांना चिडायच्या आधीच हसवून मोकळं केलं जातं. तुम्हाला असं वाटतं का? की मी उगाच त्रास करून घेतोय? मनापासून विचारतोय.

माणदेशी_पोरगा

सर मी सांगोल्याचाच. तुमचं दुखणं कळतंय पण आमच्या तालुक्याची बाकीची गोष्ट पण मुलांना सांगा. ह्याच सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिलं, एकच मतदारसंघ, एकच पक्ष, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष). बहुतेक काळ विरोधी बाकावर. सत्तेतल्या पक्षात गेले असते तर काय काय मिळालं असतं याचा हिशोब कुणालाही करता येईल, पण नाही गेले. एसटीनं फिरणारा आमदार ही आमच्याकडे दंतकथा नाही, म्हाताऱ्या माणसांनी शेजारी बसून प्रवास केलाय त्यांच्या. २०२१ ला आबा (गणपतराव) वारले.

आणि दुसरं म्हणजे ते झाडी डोंगारवाले आमदार २०२४ ला पडले, आबांचे नातू निवडून आले, ते पण शेकापकडूनच. त्याचं गाणं नाही झालं, रील नाही झालं, म्हणून तुमच्या वर्गातल्या पोरांना माहीत नाही. सगळे नुसते फुटीवर चिडून मतदान करायला गेले असं मी म्हणत नाही, पाण्याचा प्रश्न होता, डाळिंबाचा होता, तिरंगी लढत होती. पण मोबाईलवर हसणारा माणूस बूथवर पण हसतच बटण दाबतो असं समजू नका.

मांडवीकाठी

गोव्यातून लिहितोय. तुमच्याकडे निदान गाणी तरी झाली, आमच्याकडे देवासमोर शपथा झाल्या. जुलै २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपात प्रवेश केला. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसनं आपल्या सगळ्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली की निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. ११ निवडून आले. सप्टेंबरमध्ये त्यातले ८ गेले. अकरातले आठ, म्हणजे दोन तृतीयांशाच्या वर, कायद्याचं गणित बरोबर बसवून.

माझी आई भाविक आहे. तिला त्या दिवशी जे वाटलं ते कुठल्याही मीममध्ये मावणार नाही. पक्षाबिक्षाचं तिला काही पडलेलं नाही, "देवासमोर बोलले होते रे" एवढंच म्हणत होती. त्यामुळे राग गेला कुठे विचाराल तर घराघरात आहे तो, फक्त तो घेऊन जायचं कुठे हे कुणाला कळत नाही. कोर्टात गेलो तर वर्षं जातात, सभापतींकडे अर्ज केला तर तो फेटाळला जातो.

वसुधा_मावशी

अरे हसण्याला कशाला नावं ठेवतोस बाळा. आमच्या घरी संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. अत्र्यांच्या सभेत लोक पोट धरून हसायचे, वडील सांगायचे. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात वग करायचं, त्यात पण हशा असायचाच. पण हसून झाल्यावर माणसं मोर्चात यायची, संयुक्त महाराष्ट्र समितीला वर्गणी द्यायची, आणि १९५७ च्या निवडणुकीत समितीनं मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडला. शंभरावर हुतात्मे झाले तेव्हा १ मे १९६० उजाडला. शाहिराच्या मागे संघटना उभी होती रे. आजच्या रीलच्या मागे कोण आहे? ते पोरगं रॅप करतं, त्याच्यावर गुन्हा होतो, आणि त्याच्या घरी कोण जातं? कलावंतावर केस झाली तर शंभर माणसं पोलीस स्टेशनबाहेर उभी राहायला हवीत. माझं भांडण तिथे आहे, गाण्याशी नाही.

कलम_बहाद्दर

वकिली करते म्हणून थोडं रुक्ष लिहिते. खडूफळा सर, मुलांना 'आयाराम गयाराम' पासून सांगा. १९६७ ला हरियाणात गयालाल नावाच्या आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तिथून ही म्हण आली. १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती होऊन घटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं, त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. २००३ ला ९१ व्या दुरुस्तीनं ती पळवाट बुजवली पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट राहिली, गोव्यात वापरली ती हीच. म्हणजे एकटा फुटला तर अपात्र आणि झुंडीनं गेले तर कायदेशीर.

खरी मेख मात्र वेगळीच आहे, अपात्रता ठरवतो विधानसभेचा अध्यक्ष, जो बहुतेकदा सत्ताधारी पक्षाचाच असतो. महाराष्ट्राच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं मे २०२३ ला सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक होतं, पण ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येणार नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला, तो जानेवारी २०२४ ला आला, अपात्र कुणीच नाही. त्याआधी २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात कोर्टानंच सुचवलं होतं की हे काम अध्यक्षांकडून काढून कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे द्यायचा संसदेनं विचार करावा. ते अजून झालेलं नाही, आणि गंमत नाही सांगत, चीड येते म्हणून सांगते, एकाही मोठ्या पक्षाच्या प्रचारात मी हा मुद्दा ऐकलेला नाही. सगळ्यांनाच ही वाट कधी ना कधी वापरायचीये.

खडूफळा

सगळ्यांचे आभार, खूप दिवसांनी असं कुणीतरी नीट बोललं. मावशी, तुमचं पटलं, त्या रॅपच्या केसचं पुढे काय झालं ते शोधतो. माणदेशी दादा, आबांबरोबर एसटीनं प्रवास केलेल्या कुणाची आठवण आवाजात रेकॉर्ड करून मिळेल का, त्यांची परवानगी असेल तरच? वर्गात ऐकवायचीये. आणि वकीलबाई, दहाव्या परिशिष्टाचं सोप्या मराठीतलं एखादं टिपण असेल तर पाठवा, कायद्याची भाषा मुलांना झेपत नाही. गोव्याच्या आणि सांगोल्याच्या गोष्टी शेजारीशेजारी फळ्यावर मांडणार आहे. सोमवारी तास आहे, त्याआधी मिळालं तर बरं होईल.