मदत हवी आहे: भावानं गांजा सोडून अकरा दिवस झाले, झोप नाही, भूक नाही. हे किती दिवस चालतं?

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज कोणाला विचारावं तेच कळेना, म्हणून लिहिते आहे.

आम्ही इंदूरचे, रामबागेत आजोबांच्या वेळेपासूनचं घर. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा. सतराव्या वर्षी रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, मित्रांबरोबर पहिल्यांदा भांग घेतली, पुढे होस्टेलवर गांजा. गेली पाच वर्षं रोज, शेवटचं वर्षभर दिवसातून चार-पाच वेळा.

आम्हाला कळलं ते उलट्यांमुळे. सकाळी उठल्याबरोबर उलट्या, मग तासभर गरम पाण्याखाली बसून राहायचा. गिझरचं पाणी संपलं की आईला पातेल्यात तापवायला सांगायचा. पित्त म्हणून वर्षभर औषधं झाली, दुर्बिणीनं तपासणी झाली. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "गरम पाण्यानं बरं वाटतं का?" तो हो म्हणाल्यावर त्यांनी आईला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी बोलले. खूप वर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना अशा उलट्या होतात, आणि गरम पाण्यानं त्या तेवढ्यापुरत्या थांबतात. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा मांडलं. आमचं वर्ष पित्तात गेलं.

त्या रात्री त्यानं उरलेली पुडी स्वतःच संडासात टाकली. कोणी जबरदस्ती केली नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

आज अकरावा दिवस. उलट्या थांबल्यात, पण रात्री दोन-अडीच तासांवर झोप नाही. लागली की भयंकर स्वप्नं, चादर घामानं भिजते. पोह्यांवर जीव असलेला मुलगा ताटली बाजूला सारतो. आईवर ओरडतो आणि नंतर गच्चीवर जाऊन बसतो. परवा म्हणाला, "ताई, डोक्यात कापूस भरलाय. कशातच मजा नाही. मी असाच राहणार का?" मला उत्तर देता आलं नाही.

गेले काही दिवस रात्री वाचत बसते. मला समजलं ते असं, चुकत असेन तर सांगा. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप पाठवते, तेव्हा निरोप घेणारी पेशी उलट दिशेनं "पुरे, हळू" असं कळवू शकते. त्यासाठी ती लागेल तेव्हा जागच्या जागी एक रसायन बनवते. अशा रसायनांपैकी पहिलं १९९२ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम यांच्या गटाला सापडलं. त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून. (हे वाचून मला रडू आलं, का ते सांगता येणार नाही.) ते काम करतं आणि थोड्याच वेळात मोडून जातं. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, त्याच जागेवर, सीबी१ रिसेप्टरवर बसतं, पण लवकर उठत नाही. रोज असं होत राहिलं की पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेतात, कमी करतात. मग गांजा बंद झाला की शरीराचं स्वतःचं आनंदामाइड असतं, पण त्याला बसायला पुरेशा जागा नसतात. हे रिसेप्टर आठवणी साठवणाऱ्या भागात, हिप्पोकॅम्पसमध्ये, खूप दाट असतात. आईनं दोनदा सांगितलेला निरोप तो का विसरतो, ते त्यावरून कळलं.

आता घरातला वाद. काका म्हणतात, झोपेपुरती भांगेची एक गोळी द्या, महादेवाचा प्रसाद आहे, सरकारी ठेक्यावर मिळते, वाईट असती तर सरकारनं विकू दिली असती का? अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पानं येत नाहीत, म्हणून भांगेचे ठेके चालतात, इतकं मला माहीत आहे. पण टीएचसी तर पानातही असतंच ना? काका मोठे आहेत, मनापासून सांगतात, त्यांना तोडून बोलता येत नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. आत्ता जे दिसतंय ती मेंदूची कायमची हानी आहे की भरून येताना होणारा त्रास? भांगेबद्दल काकांना काय सांगू? आणि रंगपंचमी दहा दिवसांवर आली आहे, गेर घरापासून फार लांब नाही, मित्र बोलावायला येणारच. त्या दिवशी काय करू? शिवाय एक गोष्ट घरात कोणी बोलत नाही, ती इथे लिहिते: आमच्या मामाला तरुणपणी मानसिक आजार झाला होता, त्याला आवाज ऐकू यायचे.

---

जुनी वही: ताई, मी मानसोपचार विभागात काम करते. मामाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, मी तिथूनच सुरुवात करते. जवळच्या नात्यात असा आजार असेल आणि गांजा किशोरवयात सुरू झाला असेल, तर धोका वाढतो. भाऊ कोणावर विनाकारण संशय घेतो का, त्याला आवाज ऐकू येतात का, "मी असाच राहणार का" याच्या पुढे जाऊन जगण्यात अर्थ नाही असं म्हणतो का? यातलं एकही असेल तर आजच घेऊन जा. नसेल तरी या आठवड्यात दाखवा. एम. वाय. हॉस्पिटल आहे, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. पोलिसांच्या भीतीनं थांबू नका, डॉक्टरांना सगळं खरं सांगा.

हानी की भरून येणं? तुम्ही वर्णन केलंत तो गांजा सुटतानाचा नेहमीचा त्रास आहे. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त, साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, झोप मात्र मागे रेंगाळते. टीएचसी स्वप्नांची झोप दाबून ठेवतं. ते निघालं की ती झोप उसळून येते, म्हणून ही स्वप्नं. २०१२ साली अमेरिकेत रोज ओढणाऱ्या ३० जणांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन काढले होते. मेंदूच्या बाहेरच्या थरात सीबी१ सुमारे २० टक्के कमी होते. त्यातल्या काहींनी महिनाभर बंद ठेवल्यावर पुन्हा पाहिलं, तर ते वाढलेले होते. पुढच्या एका अभ्यासात हा बदल दोन दिवसांतच सुरू झालेला दिसला. डोपामाइनबद्दल, म्हणजे मेंदूत उत्साह आणि मजा वाटण्याशी जोडलेल्या रसायनाबद्दल, मी इतकी ठामपणे बोलणार नाही. सततच्या वापरानं ते बनवण्याची क्षमता कमी झालेली आढळली आहे, पण गांजामुळे की आधीपासून, हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि सतराव्या वर्षी सुरुवात झाली, तेव्हा मेंदूची वाढ पुरी झालेली नव्हती, म्हणून सगळं पूर्ववत होईल असा शब्द मी देत नाही. बरंच सुधारतं, हे मात्र मी रोज पाहते.

काकांना सांगा, भांग पोटातून जाते तेव्हा यकृतात टीएचसीचं आणखी एक जोरदार रूप तयार होतं. चढायला तास-दोन तास लागतात आणि उतरायला त्याहून जास्त. अकरा दिवसांत मोकळ्या होत आलेल्या जागा पुन्हा त्यानंच भरतील, उलट्याही परत येतील. झोपेचं औषध डॉक्टर ठरवतील, घरच्यांनी नाही.

कमाटीबाग: बडोद्याहून. सात वर्षं रोज, सोडून चार वर्षं झाली. माझी स्वप्नं तीन आठवडे चालली, झोप बसायला दीड महिना लागला. कापूस हा शब्द वाचून थांबलो, मी भुसा म्हणायचो. तो उठला एका सकाळी, कधी ते कळलंच नाही. पहाटे जाग यायचीच, म्हणून बागेत चालायला लागलो, दमलं की दुपारी थोडं जेवण जायचं. भावाला फोनवर बोलायचं असेल तर निरोप करा. रंगपंचमीला त्याला शहरात ठेवू नका. मित्र वाईट नसतात, पण त्या दिवशी नाही म्हणणं मलाही जमलं नसतं.

सांजवात: बेटा, जेवणासाठी मागे लागू नकोस. दहीभात, सरबत, केळं, जे जाईल ते, थोडं थोडं. आणि "आज कितवा दिवस" हे त्याच्यासमोर मोजू नका, परीक्षेसारखं वाटतं. माझा मुलगा हेच म्हणायचा.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. संशय, आवाज, दोन्ही नाही. मी त्याला सरळ विचारलं. जगण्याबद्दलही विचारलं, नाही म्हणाला, आणि विचारलंस ते बरं केलंस असंही म्हणाला. गुरुवारी अकराची वेळ मिळाली आहे, मामाचं सगळं कागदावर लिहून नेते आहे. यकृताची गोष्ट काकांना वाचून दाखवली. गप्प झाले, मग म्हणाले, रंगपंचमीला मी घेऊन जातो त्याला महेश्वरला, घाटावर बसू दोघं.

काल रात्री पावणेतीनला त्यानं मला उठवलं. स्वप्नात आजोबा आले होते, सायकल शिकवत होते आणि मागून हात सोडला. सांगता सांगता रडला. मग आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभ्यानं दहीभात खाल्ला, आईला न उठवता. कमाटीबाग, तुम्हाला निरोप केला आहे, त्याला तुमच्याशी बोलायचं आहे.