इंदुरातून त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू कसा टिपावा?

प्रश्न (१४ ऑक्टोबर २०२४): काल सूर्यास्तानंतर गच्चीवरून शुक्र स्पष्ट दिसला, पण धूमकेतू सापडला नाही. माझ्याकडे डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स आहे. कोठे जावे आणि कॅमेरा कसा लावावा?

उत्तर १: तो सध्या शुक्र आणि स्वाती तारा यांच्या साधारण मधोमध आहे. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने तेथे द्विनेत्री (दोन डोळ्यांची दुर्बीण) फिरवावी. एकदा जागा कळली की नुसत्या डोळ्यांनाही शेपटी जाणवते. महूजवळच्या जानापाव टेकडीवर गेल्यास शहराचा उजेड पाठीशी राहतो, म्हणून मी तीच जागा सुचवेन.

उत्तर २: ट्रायपॉड हवाच. ऑटोफोकस बंद करून शुक्रावर हाताने फोकस साधावा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० ते १६००, छिद्र (लेन्समधून प्रकाश आत येण्याची वाट) एफ/२ ठेवावे आणि ४-५ सेकंदांची छायाचित्रे घ्यावीत, कारण दहा सेकंदांपुढे पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे रेघांसारखे उमटतात. बटण दाबताना कॅमेरा हलतो, तेव्हा टायमर वापरावा.

उत्तर ३: बुधवारी कोजागिरी आहे, त्या चांदण्यात शेपटी फिकी पडेल. धूमकेतू रोज वर चढेल, पण मंदही होत जाईल. त्यामुळे आपण उद्याच जावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.